कोरा खिळा

पेल आणि मंडळींच्या कारखान्यात माडीवर जाणाऱ्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या आणि त्यातली अकरावी करकरायची. ती करकरली की ईनॉक गॅड्स्बी मान न वळवता म्हणायचा, "ये, थर्झा." दुसऱ्या कुणाला त्या जिन्यानं वर यायचं कारणच नव्हतं. खाली दोनशे माणसं यंत्रांवर मोजे विणत होती, आणि वर लांबलचक खिडकीसमोर ईनॉक एकटा आपल्या लोखंडी चौकटीपुढं बसलेला असायचा. दोन्ही पाय खालच्या पायपट्ट्यांवर, दोन्ही हात दांड्यावर, आणि समोर शेकडो सुयांची एक रांग. पायपट्टी दाबली, दांडा ओढला की मोज्याची एक ओळ विणून व्हायची. अशा बारा चौकटींवर पहिल्या पेलनं दीडशे वर्षांपूर्वी हा कारखाना उभा केला. अकरा भंगारात गेल्या. ही एक राहिली, कारण वर्षाकाठी कुठल्या तरी न्यायाधीशाला नाहीतर महापौराला हातानं विणलेले रेशमी लांब मोजे लागायचेच, आणि ते आमच्याकडंच होतात असं सांगायला पेल मंडळींना आवडायचं.

थर्झा ईनॉकची सून. त्याचा एकुलता एक मुलगा विल्फ चव्वेचाळीस साली नॉर्मंडीत मारला गेला. त्यानंतर माहेरी जाण्याऐवजी ती सासऱ्याच्याच घरी राहिली. का राहिली, ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. कारखान्यात ती रफूच्या खोलीत होती. विणलेला माल आधी तिथं यायचा. सहा बायका उजेडासमोर एकेक मोजा हातावर चढवून सुटलेले टाके शोधायच्या आणि बारीक आकडीनं उचलून जागच्या जागी बसवायच्या. रेशमी माल मात्र एकट्या थर्झाच्या टेबलावर यायचा. तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची सोय नव्हती.

आता त्या कारखान्याची एक जुनी रीत सांगायला हवी, कारण सगळं त्या रीतीपायीच घडलं. प्रत्येक विणकराच्या डोक्यावरच्या तुळईत त्याच्या नावाचा एक खिळा होता. विणकराच्या हातून टाका सुटलेला मोजा सापडला की रफूवालीनं मोज्याच्या चवड्यात लाल लोकरीचा धागा बांधायचा, सगळ्यांच्या देखत तो हातात घेऊन चालत जायचं आणि त्या माणसाच्या खिळ्याला लटकवायचा. शनिवारचा भोंगा होईपर्यंत तो तिथंच राहायचा. मग खाली यायचा, रफू व्हायचा आणि इतर मालात जायचा. महिन्यात तीन लाल धागे लागले की माणूस यंत्रावरून उठला. दोनशे माणसांत असा एकही खिळा नव्हता, ज्याला कधी ना कधी काही लटकलं नव्हतं. फक्त माडीवरचा एक बेचाळीस वर्षं कोरा होता.

ईनॉकला त्याची घमेंड होती, आणि ती तो लपवतही नसे. दुपारी डबा खायला खाली आला की यंत्रांच्या रांगेतून जाताना वर बघत म्हणायचा, "काय रे, आज धुणं वाळत घातलंय वाटतं सगळ्यांनी!"

"तुझा खिळा गंजून पडेल एक दिवस, म्हाताऱ्या," कुणीतरी म्हणायचं. "टोपी तरी अडकवत जा त्याला."

"टोपीला घरी खुंटी आहे माझी."

घरातही त्याच्या कपाटाच्या खालच्या खणात त्या घमेंडीची खूण होती. निळ्या कागदात गुंडाळलेला पांढऱ्या रेशमी मोज्यांचा एक जोड. सन अकरामध्ये, मागच्याच्या मागच्या राज्याभिषेकाला, ईनॉकनं बारा जोड विणले होते आणि उरलेल्या रेशमात तेरावा स्वतःसाठी. जुन्या विणकरांत प्रत्येकजण असा एक जोड करून ठेवायचा. माणूस गेला की त्याला त्याच्याच हातच्या मोज्यांत पुरायचं. ईनॉक वर्षातून एकदा तो कागद उघडून बघायचा आणि थर्झाला सांगायचा, "एक टाका रफूचा नाही यात. हात लावून बघ." ती हात लावायची. खरोखरच नव्हता.

पन्नास सालच्या हिवाळ्यात थर्झाच्या पहिल्यांदा लक्षात आलं. पाण्यानं भरलेला काचेचा गोळा दिव्यापुढं ठेवून त्याचा झोत सुयांवर पाडायचा, ही जुन्या लोकांची युक्ती. पण ती अंधारून आल्यावरची. ईनॉक भर दुपारी, खिडकीतून लख्ख उजेड येत असताना गोळा लावून बसलेला तिनं पाहिला. त्याच आठवड्यात त्याच्या मोज्यात एक सुटलेला टाका सापडला. ती बराच वेळ तो बघत राहिली. टेबलाच्या खणात लाल लोकरीचं गुंडाळं होतं, पण तिचा हात खणाकडं गेला नाही. विल्फ गेल्यावर या माणसानं बोलणं कमी केलं, बागेतला भाजीचा वाफा सोडून दिला, कॅनरी पक्षी शेजाऱ्यांना देऊन टाकला. एक ही चौकट तेवढी सोडली नाही. तिला त्याची दया आली, दुसरं काही नाही. तिनं आकडीनं टाका उचलला, रेशमाच्या धाग्यानं मागून पक्का केला आणि मोजा पुढं पाठवून दिला. निर्दोष माल विणकराकडं परत जात नाही, त्यामुळं ईनॉकला कळायचं कारण नव्हतं.

पुढच्या महिन्यात दोन सापडले. वर्षभरानं दर मोज्यात एखादा तरी असायचाच.

हे एवढंच असतं तरी तिनं मनाची समजूत घातली असती. पण खाली सिरिल मॉल्ट होता. युद्धात कैदेतून सुटून आल्यापासून त्याचे हात थरथरायचे. बावन्न साली एका महिन्यात त्याला तीन लाल धागे लागले आणि त्याला बॉयलरखाली कोळसा ओढायला पाठवलं. ते तिन्ही थर्झानं बांधले होते. तिसऱ्या वेळी ती मोजा खिळ्याला लावत असताना सिरिल एवढंच म्हणाला होता, "बांध बाई, तुझं काम तू कर." त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं सासऱ्याचे चार टाके गुपचूप उचलले होते. ते आठवलं की तिला घरचा घास गोड लागत नसे.

मग त्रेपन्न साल आलं. जूनमध्ये राज्याभिषेक. फेब्रुवारीत लंडनच्या एका दरबारी शिंप्याकडून मागणी आली की उमराव लोकांसाठी पांढऱ्या रेशमाचे बारा जोड हवेत, घोट्यावर नक्षी भरलेले, हातचौकटीवरच विणलेले. ईनॉक ऐकून म्हणाला, "बेचाळीस वर्षांनी पुन्हा बारा. चला, चांगलं झालं." त्या दिवसापासून तो ताठ चालायला लागला. घरी आल्यावर रविवारची कोट-टोपी घालून बघायला लागला. थर्झाला ते बघून आनंद व्हायचा आणि भीतीही वाटायची.

आठवड्याला एक जोड. एप्रिलच्या मध्याला नववा तिच्या टेबलावर आला. त्याच आठवड्यात गुरुवारी धाकटे पेलसाहेब माडी चढून गेले आणि येताना रफूच्या खोलीत डोकावले. जेराल्ड पेल, पस्तिशीचे, मनानं चांगले, पण कागदाची फार हौस. राज्याभिषेकाच्या वर्षी कारखान्याचा इतिहास छापायचा म्हणून ते महिनाभर जुन्या पेट्या उपसत होते.

"मिसेस गॅड्स्बी, तुम्हाला सर्वांत आधी सांगतो," ते म्हणाले. "पणजोबांच्या नियमांच्या फळीवर मला काय सापडलं माहीत आहे? ज्याचा खिळा चाळीस वर्षं कोरा, त्याचा माल रफूच्या टेबलावर यायचा नाही. चौकटीवरून सरळ पेटीत! आजवर एकालाच तो मान मिळालाय, अठराशे एकोणनव्वद साली. सोमवारी सगळ्यांसमोर तो तुमच्या सासऱ्यांना देतो. छायाचित्रकार येतोय."

"म्हणजे राहिलेले तीन जोड—"

"तुमच्याकडं येणारच नाहीत. कधी नव्हे ती सुटी!" असं म्हणून ते हसत गेले.

थर्झा टेबलापाशी परत बसली. तिनं केलेल्या मायेचं हे फळ होतं. तिनं तीन वर्षं झाकलं, म्हणून खिळा कोरा राहिला. खिळा कोरा राहिला, म्हणून आता तिच्याच हातून माल काढून घेणार. राहिलेले तीन जोड सुटलेल्या टाक्यांसकट लंडनला जाणार, शिंपी ते काचेच्या पायावर चढवून दिव्यासमोर धरणार, आणि म्हातारा सगळ्या देशासमोर उघडा पडणार. ईनॉक मानाची बातमी ऐकून घरी आला तेव्हा डुकराचं मांस भरलेली मोठी पेस्ट्री घेऊन आला होता. दोघांत एवढी कशाला, असं तिनं विचारलंही नाही.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला. "एकोणनव्वद साली ज्याला मिळाला, तो माझा उस्ताद होता. त्यानं मला याच चौकटीवर बसवलं. आता माझ्यानंतर कुणी नाही, पण निदान शेवट तरी बरा झाला."

तिनं उठून ताटं मांडली. शुक्रवारही काही न सांगता गेला.

शनिवारी सकाळी तिनं नववा जोड हातात घेतला. उजव्या मोज्यातले टाके तिनं आधीच उचलून ठेवले होते. डाव्याच्या पोटरीवर सात होते. सात! पाचाहून जास्त सुटले की तो मोजा उत्तम मालात जात नाही, असाही कारखान्याचा नियम होता. तिनं खण उघडला, लाल लोकरीचा धागा तोडला आणि डाव्या मोज्याच्या चवड्यात बांधला. गाठ तिनं दुहेरी मारली. शेजारच्या बाईनं पाहिलं आणि म्हणाली, "रेशीम? अगं, रेशीम तर..." आणि तिथंच थांबली.

माडीवर जायला यंत्रांच्या दालनाशिवाय दुसरी वाट नव्हती, आणि असती तरी रीत ती नव्हती. हातात लाल धाग्याचा मोजा घेऊन ती निघाली, तसा जो तो आपल्या खिळ्याकडं बघायला लागला. पहिल्या रांगेतला एकजण ओरडला, "आज कुणाचा नंबर, थर्झाबाई? माझा नको हं, आज मॅच आहे!" लोक हसले. ती त्याच्यापुढून गेली, दुसरी रांग गेली, तिसरी गेली. ती जिन्याच्या दारापाशी पोचली तेव्हा हसणारा कुणी उरला नव्हता. यंत्रं चालू होती, पण त्यांच्यापुढची माणसं उभी राहून बघत होती. ती जिना चढली. अकरावी पायरी करकरली.

"ये, थर्झा. चहाला वेळ आहे की अजून."

ती त्याच्यामागं गेली आणि टाचा उंचावून तिनं मोजा खिळ्याला लावला. ईनॉकनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांना पांढरं काहीतरी हलताना दिसलं असेल. लाल दिसलं नाही.

"काय लावलंस तिथं?"

"तुमचा मोजा आहे, बाबा. लाल धागा बांधलाय मी."

त्याला आधी हसू आलं. "एप्रिल फूल होऊन गेलं की गं पोरी."

"थट्टा नाही. सात टाके सुटलेत डाव्यात."

"मला? सात?" तो उठला. "डोळे गेलेत तुझे! बेचाळीस वर्षांत एक नाही, आणि आज सात? नाव खराब करायला निघालीस माझं, तेही परवा साहेब येणार असताना?"

"हात लावून बघा."

तिनं मोजा काढून त्याच्या हातात दिला. दहाही बोटं रेशमावरून फिरली. डोळ्यांनी दगा दिला होता, बोटांनी दिला नव्हता. पोटरीपाशी बोटं थांबली, पुढं गेली, पुन्हा थांबली. सात वेळा थांबून शेवटी तो खाली बसला आणि त्यानं मोजा मांडीवर ठेवला.

"आता उजवा बघा," खिशातून दुसरा मोजा काढून देत थर्झा म्हणाली. "आतल्या बाजूनं. बारीक दाणे लागतील. ते माझे आहेत."

त्यानं पाहिले. बराच वेळ पाहिले. खिडकीखालून मालगाडी निघून गेली तरी त्याची बोटं फिरतच होती.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"प्रत्येक मोजा?"

"जवळजवळ प्रत्येक."

"सिरिलला किती बांधलेस तू?"

ती याच प्रश्नाला भीत होती. "तीन. एका महिन्यात."

"आणि मला तीन वर्षांत एकही नाही." त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मी रोज दुपारी खाली जाऊन त्यांना हिणवायचो, थर्झा. धुणं वाळत घातलंय म्हणायचो. सिरिलसुद्धा होता त्यांच्यात. तू मला ते बोलू दिलंस."

"माझी हिंमत झाली नाही. विल्फ गेल्यावर तुमच्यापाशी एवढंच उरलं होतं. ते काढून घेणारी मी व्हायचं नव्हतं मला."

"दया केलीस माझ्यावर."

"हो, केली. चुकले."

"मोजा होता तिथं लाव," तो म्हणाला, "आणि जा."

शनिवारचा भोंगा झाला. रीतीप्रमाणे मोजा खाली यायला हवा होता. ईनॉक त्याला हात न लावता निघून गेला आणि थर्झालाही काढू नको म्हणाला.  रविवारी चॅपेलमध्ये तो नेहमीच्या बाकावर तिच्या शेजारी न बसता पुढं जाऊन बसला. प्रार्थना संपल्यावर तो सिरिल मॉल्टच्या घराकडं वळताना तिला दिसला. तिथं काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीही कधी सांगितलं नाही. एवढं खरं की तो परत आला तेव्हा सिरिल त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला होता.

सोमवारी माडी भरून गेली. पेलसाहेब, मुकादम, छायाचित्रकार, प्रत्येक रांगेतले दोन-दोन विणकर, जिन्यावर रफूच्या बायका. पेलसाहेबांनी भाषणाचा कागद उघडला, खिळ्याकडं हात केला आणि तिथं लाल धागा पाहून थांबले. त्यांचा चेहरा पडला, मग सावरला. माणूस चांगला म्हटलं ना मी. ते थर्झाकडं वळून हळूच म्हणाले, "मिसेस गॅड्स्बी, काहीतरी गफलत झाली असणार. दुसऱ्या कुणाचा मोजा असेल. तुम्ही तसं म्हणालात तर विषयच संपला."

सगळे तिच्याकडं बघत होते. एक शब्द बोलली असती तर खिळा पुन्हा कोरा झाला असता. राहिलेल्या तीन जोडांचं पुढं बघता आलं असतं, कसंतरी, कुठंतरी, पुन्हा झाकून. ईनॉक पाठमोरा उभा होता आणि त्याचे खांदे तिला फार म्हातारे दिसले.

"गफलत नाही, साहेब," ती म्हणाली. "मोजा त्यांचाच आहे."

ईनॉक वळला. "माझा आहे," तो म्हणाला. "तिनं बांधलं ते बरोबर बांधलं. एकच चुकलं तिचं. तीन वर्षं उशिरा बांधलं." मग खालून आलेल्या माणसांकडं बघून, म्हणजे ती जिथं उभी असतील त्या बाजूला बघून, तो म्हणाला, "मी तुम्हाला फार बोललो. मला बोलायचा हक्क नव्हता."

 कुणीतरी टोपी काढली. छायाचित्रकारानं विचारलं, "फोटो घ्यायचा का नाही?" आणि मुकादमानं त्याला दंडाला धरून खाली नेलं.

पेलसाहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "आणि मागणी? तीन जोड राहिलेत. हा नववा धरला तर चार."

"तीन मी विणतो," ईनॉक म्हणाला. "पण ही माझ्या शेजारी बसेल. पूर्वी विणकराची बायको बसायची तशी. ओळ झाली की ती बघेल, टाका सुटला असेल तर थांब म्हणेल, मी तिथल्या तिथं उचलीन. आधीचे आठ मी आज सकाळी येऊन हातांनी बघितलेत. रफू चांगला आहे, जाऊ देत. नवव्याच्या जागी दुसरा देतो."

"कुठून?"

"देतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी थर्झा माडीवर गेली तेव्हा चौकटीशेजारी एक स्टूल मांडलेलं होतं. स्टुलावर निळ्या कागदाची पुडी होती. तिनं ती लगेच ओळखली.

"बाबा, हा नाही!"

"त्याच चौकटीवरचा आहे, त्याच मापाचा, त्याच सुयांचा. घोट्यावर नक्षी नाही, ती तू भर. सगळे मिळून पांढरे करायला गंधकाच्या धुरीत गेले की जुना-नवा कुणाला ओळखू येणार नाही."

"पण मग तुम्हाला काय?"

"मला घाई नाही अजून. बस. आणि तो सात टाक्यांचा जोड मागाहून रफू करून ठेव."

तीन आठवडे ती त्याच्या शेजारी बसली. पायपट्टी, दांडा, ओळ. "थांबा," ती म्हणायची, आणि तो थांबायचा. ती त्याचं बोट धरून सुईवर ठेवायची, तो आकडीनं टाका उचलायचा. सुरुवातीला दर 'थांबा'ला त्याचा जबडा आवळायचा. दुसऱ्या आठवड्यात तोच विचारायला लागला, "थांबू?" आणि ती "नको, चला" म्हणाली की पोरासारखा खूश व्हायचा. मधेच एकदा म्हणाला, "विल्फला बसवायचं होतं मला इथं. तो म्हणायचा, अंधार आहे तुमच्या माडीवर." दोघं थोडं हसले. विल्फचं नाव घेऊन ते हसण्याची नऊ वर्षांतली ती पहिलीच वेळ होती. डोक्यावर खिळ्याला लाल धाग्याचा मोजा तसाच होता. बारावा जोड पुरा झाला त्या दिवशी ईनॉकनं तो मोजा स्वतः काढला आणि रफूसाठी थर्झाच्या हातात दिला.

मे अखेर पेलसाहेबांचं इतिहासाचं पुस्तक छापून आलं. प्रत्येक कामगाराला एक प्रत. थर्झानं चहा पिताना ते वाचून दाखवलं. पहिला पेल, बारा चौकटी, वाफेची यंत्रं, दोन युद्धं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की माडीवरचे श्री. गॅड्स्बी यांचा खिळा बेचाळीस वर्षं कोरा राहिला. पान त्या सोमवारच्या आधीच छापखान्यात गेलं असणार.

"काय म्हणतोय तो? कोरा?"

"असंच छापलंय."

"लोकर आण," ईनॉक म्हणाला.

तिनं सुईनं त्या पानाला भोक पाडून लाल धागा ओवला आणि गाठ मारली. सोमवारी सकाळी पेलसाहेबांना ते पुस्तक आपल्या कचेरीच्या दाराला लटकलेलं दिसलं. ते रागावले नाहीत. पुढच्या छपाईत तो परिच्छेद नव्हता. त्या जागी काय घालावं हे न सुचल्यामुळं तिथं कारखान्याच्या फाटकाचं चित्र आलं.

राज्याभिषेकाच्या दिवशी पाऊस पडत होता. चॅपेलच्या दालनात एक दूरदर्शन संच आणला होता आणि शंभर माणसं त्या वीतभर पडद्यापुढं दाटीनं बसली होती. ईनॉक पुढच्या रांगेत. त्याला नुसता करडा उजेड दिसत होता.

"उमराव आले का गं?"

"आले."

"मोजे दिसतात?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. "नाही, बाबा. झगे जमिनीपर्यंत आहेत. काही दिसत नाही."

"हं." तो तिच्याकडं वळला. "त्यातल्या एकाच्या पायात माझं कफन आहे, हे त्याला कळलं तर दणका बसेल बिचाऱ्याला." आणि तो इतका हसला की मागच्या बायकांनी श्श केलं.

त्यानंतर हातविणीची मागणी आली नाही. नोव्हेंबरमध्ये एका रविवारी, चॅपेलहून आल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या ईनॉक गेला. कपातला चहा अर्धा शिल्लक होता.

पुरणाऱ्यांचा माणूस सोमवारी सकाळी आला. सिरिल मॉल्ट आणि यंत्रांवरचे तिघे बाहेर ओट्यावर थांबले होते. पेटी त्यांना उचलायची होती. "पायांत घालायला काय देताय?" त्या माणसानं विचारलं. थर्झाला ठाऊक नव्हतं. गेले सहा महिने तिनं तो विषय काढला नव्हता आणि त्यानंही नाही. तिनं कपाटाचा खालचा खण ओढला. आत निळ्या कागदाची पुडी जशीच्या तशी होती. आतमध्ये नववा जोड होता, तिनंच रफू करून त्याच्याकडं दिलेला. डाव्याच्या चवड्यात लाल धागा अजून बांधलेला होता.

त्या माणसानं खिशातून कात्री काढली. "हा धागा काढायचा राहिलाय वाटतं."

"राहू द्या," थर्झा म्हणाली. "तो त्यांचा आहे."

मोजे तिनं स्वतः चढवले. आधी उजवा, मग डावा. पोटरीवरून रेशीम वर ओढताना तिच्या बोटांना बारीक दाणे लागत गेले. तिनं ते मोजले. सातही होते. सातव्यावर बोट ठेवून ती तिथंच गुडघ्यांवर बसली आणि रडली, आणि ओट्यावरची माणसं तिचं होईपर्यंत थांबली.